तुम्ही ‘व्हय’ म्हणाला नाहीत

अहो,

वह्या माळ्यावर नाहीत.

हे आधी लिहून टाकलं, कारण गेल्या चार दिवसांत हा लेख मी सहा वेळा सुरू केला आणि सहाही वेळा या वाक्याला वळसा घालून पुढं गेले. तुम्ही तीनदा विचारलंत, ‘‘वह्या कुठं हैत?’’ आणि तिन्ही वेळा मी म्हटलं, ‘‘माळ्यावर नीट ठेवल्यात.’’ नीट हा माझा शब्द. तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. माळ्यावर तांब्याचं घंगाळ आणि आपल्या सुधीरच्या लहानपणचा पाळणा आहे. दुसरं काही नाही.

मी तुमच्या टेबलाशी बसले आहे. तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखालून घरी आणलेलं, एक पाय आखूड असलेलं टेबल. त्या पायाखाली तुम्ही घडी करून घातलेला पुठ्ठा तसाच आहे. वर लॅपटॉप आहे. सुधीरनं गेल्या दिवाळीत पाठवलेला, आणि त्यात ते लेखन तपासणारं यंत्र. चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारतं, वाक्याची बांधणी पटली नाही तर निळी, आणि बाजूला काय हवं होतं तेही सुचवतं. बत्तीस वर्षं शाळेत मी नेमकं हेच केलं, त्यामुळं माझं त्याच्याशी पहिल्या दिवसापासून जमलं होतं.

आता जमत नाही.

रेवाचा फोन आला होता, तुमचा तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी. ‘‘आजी, आजोबांवर निबंध लिही ना. मी रविवारच्या मराठी शाळेत वाचणार.’’

‘‘किती मोठा?’’

‘‘दोन पानं. आणि सोपं लिही हं. तुझं मराठी पेपरमधल्यासारखं असतं.’’

मागून ईशान ओरडला, ‘‘आणि आजोबांचे जोक्स घाल!’’ बारा आणि नऊ वर्षांची पोरं, मेलबर्नच्या स्वयंपाकघरातून मला हुकूम सोडत होती. मी हो म्हटलं. दोन पानं म्हणजे काय, तासाभराचं काम.

पहिलं वाक्य लिहिलं : ‘तुझे आजोबा परंड्याच्या कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहीत, सगळे त्यांना रायटर म्हणत.’ ‘रायटर’खाली लाल रेघ. यंत्राला तिथं ‘लेखक’ हवा. दुसरं वाक्य लिहिलं : ‘ते कमी बोलत, पण त्यांचं ऐकणं लांबूनसुद्धा कळे.’ सबंध वाक्याखाली निळी रेघ. अर्थ अस्पष्ट आहे म्हणे. शिवाय ‘ते’ म्हणजे नक्की कोण, नाव लिहा. चोपन्न वर्षांत फॉर्म सोडले तर मी तुमचं नाव कुठं घेतलं नाही, आणि हे मला विचारतंय कोण म्हणून! तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ‘‘सांगा की बाई, कोण म्हणून. उखाण्यात सांगा.’’

मी त्यावर हसले, आणि मग रेघ घालवण्यासाठी बोट पुढं गेलं, आणि थबकलं. पूर्वी थबकत नव्हतं. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मुलांनो, तुम्हीही हे वाचणार आहात, म्हणून आजोबांना माहीत असलेलंही थोडं लिहिते. आजोबांना ऐकून घ्यायला हरकत नाही, त्यांचा जन्म त्यातच गेला.

अहो, माणूस अर्ज लिहून घ्यायला आला की तुम्ही आधी टाइपरायटरला हातच लावत नव्हता. त्याला स्टुलावर बसवायचं, माठातलं पाणी द्यायचं आणि त्याचं सगळं होऊ द्यायचं. भांडण, भाऊबंदकी, म्हशीचं आजारपण, सगळं. मग अर्ज. विषय, संदर्भ, महोदय, सविनय, जसं लागतं तसं. पण प्रत्येक अर्जात एक वाक्य तुम्ही त्या माणसाच्या तोंडचं ठेवत होता. जसंच्या तसं. तो जे म्हणाला, ज्या बोलीत म्हणाला, ते. मग सबंध अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचा. वाचून झालं की चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत बसायचं, आणि समोरच्याकडं बघायचं नाही. मी एकदा विचारलं होतं, बघत का नाही?

‘‘बगितलं की माणूस लाजंनं व्हय म्हणतंय,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘न बगता म्हणलं तर ते खरं.’’

त्यानं ‘व्हय’ म्हटल्याशिवाय तुम्ही शाईचा पॅड उघडत नव्हता. आणि संध्याकाळी घरी आल्यावर ते एक वाक्य वहीत उतरवायचं, नाव आणि गाव घालून. अशा एकोणीस वह्या.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तुमचा एक अर्ज वाचला होता, आठवतं? शेख कुटुंबातल्या जैनबबीचा, रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवण्यासाठी. मधोमध एक ओळ होती : ‘सून माझी हाय, सरकारनं फकस्त लिव्हायचं हाय.’ मी लाल पेन काढलं आणि ती ओळ दुरुस्त केली. तुम्ही कागद हातात घेतलात, दोन्ही बाजूंनी पाहिलात. ‘‘बाई,’’ तुम्ही म्हणालात. त्या दिवसापासून तुम्ही मला शाळेतल्या पोरांसारखं बाई म्हणायला लागलात. ‘‘बाई, तुमी जैनबबीला भेटलात कधी?’’

‘‘भेटायचं काय त्यात? हे वाचून साहेब हसतील.’’

‘‘हसू द्या की. हसला म्हंजे वाचलं.’’

आणि सबंध अर्ज पुन्हा टाइप केलात, तीच ओळ घालून.

तो वाद तिथं सुरू झाला आणि संपलाच नाही. मी म्हणायची, तुम्ही लोकांना अडाणी दाखवता. त्यांना नीट भाषेत उभं करा, कचेरी त्यांना मान देईल. तुम्ही म्हणायचात, नीट भाषेत समदे सारखेच दिसत्यात, मग फाइल कुणाची हे कळणार कसं? मला तेव्हा वाटायचं, तुम्ही हट्टी आहात. पुष्कळ वर्षं वाटायचं. तुम्हालाही वाटत असणार की माझं शिक्षण माझ्या डोक्यात बसलंय. पण तुम्ही कधी ते म्हटलं नाही, हे माझ्या मनात फार उशिरा आलं. तुम्ही माझं बोलणं एकदाही दुरुस्त केलं नाही.

साळूबाईच्या वेळी तर तुम्ही जिंकलात असं सगळ्या कचेरीनं मानलं. सोनारीच्या वाटेवरच्या वस्तीवरची साळूबाई, मेंढरं राखणाऱ्या घरातली, तेव्हा साठीला आलेली. तिच्या रानाकडं जाणारी वहिवाटीची वाट शेजाऱ्यानं नांगरून टाकली होती. तुम्ही अर्ज लिहिलात, त्यात तिचं वाक्य घातलंत. पाहणीला साहेब आले तेव्हा जीपमधून उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, ‘‘ह्या वाटेनं आलेली नवरी कोण?’’ सगळा गाव हसला, साळूबाईनं तोंडाला पदर लावला, आणि महिन्याभरात वाट मोकळी झाली. तुम्ही घरी येऊन ताटावर बसताना मला एवढंच म्हणालात, ‘‘हसले साहेब.’’

मी म्हटलं, ‘‘नकाशा जोडला होता म्हणून झालं.’’

तुम्ही भाकरी मोडलीत आणि गप्प राहिलात. तुमचं हे गप्प राहणं मला फार लागायचं.

आता या वर्षीचं सांगते.

रेवानं तिच्या वर्गात सांगितलं होतं की माझे आजोबा रायटर आहेत. तिच्या बाईंनी विचारलं, पुस्तकं कोणती? म्हणून तिनं तुम्हाला फोन केला, ‘‘आजोबा, तुमच्या बुकचं नाव काय?’’ तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. ‘‘माजं पुस्तक कचेरीत हाय, पोरी. पान पान करून लोकांच्या फायलीत वाटून टाकलंय.’’

मी नाही हसले. मी ठरवलं, पुस्तक करायचं. तुमच्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं, छातीचं दुखणं वाढत होतं, आणि हातांना काम असलं की माझं मन जागेवर राहतं. एकोणीस वह्या मी लॅपटॉपात उतरवायला घेतल्या. रोज सकाळी दहा पानं. तुम्ही पलंगावरून विचारायचात, ‘‘कुठवर आलं?’’ आणि मी सांगायची, वही चौथी, वही नववी.

यंत्र पहिल्या ओळीपासून रेघा मारत होतं. नव्वद माणसं एकदम वर्गात शिरून चुकीचं बोलत आहेत असा पडदा दिसायचा. सुरुवातीला मी एकेक बघत होते. ही दुरुस्ती घेऊ, ही नको. मग घेत गेले. मग खाली एक बटण दिसलं, सगळे बदल स्वीकारा.

त्याला दोष देत नाही. त्यानं फक्त विचारलं होतं. स्वीकारा मी म्हटलं.

आणि खरं सांगू? मला ते आवडलं. एका क्षणात पडदा स्वच्छ झाला. लाल नाही, निळं नाही. मी नळदुर्गची पोर, अकराव्या वर्षी सोलापूरला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात टाकलेली. पहिल्या सहामाहीत माझं ‘हितं’ आणि ‘तितं’ ऐकून मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. तिथं मी घासून घासून बोलणं साफ केलं. सुट्टीत घरी गेले तर आई वाढता वाढता म्हणाली, ‘‘ही पाव्हनीगत बोलाया लागली.’’ मला ते कौतुक वाटलं होतं. त्या दिवशी तो स्वच्छ पडदा बघून मला तेच समाधान झालं. वाटलं, ह्या सगळ्या माणसांना आता कुणी हसणार नाही.

जुनी प्रत ठेवली नाही, कारण दोन प्रती म्हणजे पसारा. झेरॉक्सच्या दुकानातून छापून, स्पायरल घालून आणलं. वह्यांना कसर लागली होती. घर झाडायला काढलं होतं. मजकूर तर आता लॅपटॉपमध्ये नीट होता. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर मी त्या रद्दीत दिल्या. माझ्या हातानं सुतळी बांधून.

हे एवढंच आहे. लिहायला इतका त्रास का होत होता कळत नाही. कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला उशी लावून बसवलं आणि पुस्तक वाचायला घेतलं. मला वाटलं होतं तुम्ही खुलाल. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. तीन पानं, चार पानं. मी आवाज चांगला लावला होता, बक्षीस समारंभासारखा. सात पानं झाल्यावर थांबले आणि तुमच्याकडं बघितलं. मी बघितलं, तुमच्यासारखी नजर खाली ठेवली नाही.

तुम्ही ‘व्हय’ म्हणाला नाहीत.

‘‘अक्षर न् अक्षर बराबर हाय, बाई,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘पण हे समदं एकाच माणसानं म्हणल्यागत वाटतंय. कोण हाय ह्यो?’’

मला राग आला. इतके दिवस पाठ मोडून बसले होते. मी म्हटलं, ‘‘तुमच्याच वह्या आहेत.’’

‘‘मंग वह्याच काढा उद्या. त्यातलं वाचा.’’

‘‘माळ्यावर नीट ठेवल्यात. सवडीनं काढते.’’

दुपारी तुम्हाला झोप लागल्यावर मी चप्पल घातली आणि रद्दीच्या दुकानात गेले. तो बिचारा तराजू बाजूला ठेवून उठला. ‘‘बाई, ते सकाळीच गेलं की बार्शीला. काय मोलाचं व्हतं का?’’ मी म्हटलं, नाही, सहज. एकाच दिवशी दोन ठिकाणी खोटं बोलले. शाळेत असते तर अंगठे धरून उभं केलं असतं.

तुम्ही दोन दिवसांनी पुन्हा विचारलंत. मग चार दिवसांनी विचारलंत. मग विचारलं नाहीत. अकराव्या दिवशी तुम्ही गेलात.

मला जे खातंय ते हे : तुम्ही विसरला होता, की ओळखलं होतंत? चोपन्न वर्षं लोकांचं ऐकून कोण काय लपवतंय ते तुम्हाला त्यांच्या पाण्याच्या पहिल्या घोटाला कळायचं. मग माझं कळलं नसेल? आणि कळलं असेल, तर गप्प का राहिलात? नजर खाली ठेवून वाट बघत होता का, की मी आपण होऊन सांगेन? मी दूध गरम करत होते, गोळ्या मोजत होते, चादर बदलत होते. अकरा दिवस होते माझ्याकडं.

तर रेवाचा निबंध. साळूबाईचं वाक्य त्यात हवं होतं, म्हणून मी ते स्पायरलचं पुस्तक उघडलं. साळूबाईच्या जागी हे छापलेलं आहे : ‘सदर रस्त्यानेच विवाहानंतर माझे आगमन झाले होते. वृद्धापकाळी मला इतरांच्या शेतातून जाण्यास भाग पाडू नये.’

अहो, ही बाई कोण? मी तिला ओळखत नाही.

पानं उलटता उलटता आणखी एक ओळ लागली : ‘मला अतिशय थकवा जाणवत आहे.’ खाली नाव, ‘बाई’. गाव, ‘नळदुर्ग’.

तुम्ही ती ओळ वहीत उतरवली होतीत, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि टाइप करताना ती माझ्या हाताखालून गेली तरी मला मी ओळखू आले नाही. शाळेत माझा अपमान झाला होता तेव्हाची ती गोष्ट. मी राजीनामा द्यायचं ठरवलं आणि तुमच्यासमोर स्टुलावर येऊन बसले, म्हटलं टाइप करा. सबंध अर्ज मी तोंडी सांगितला, एकही चूक नव्हती. तुम्ही टाइप केलात आणि म्हणालात, ‘‘आता एक वाक्य तुमचं.’’

‘‘हे सगळं माझंच आहे.’’

‘‘व्हय. पण एक तुमचं.’’

तुम्ही थांबलात. मला काही सुचेना. समोरून एसटी गेली, तुम्ही पाणी दिलंत, तरी सुचेना. आणि मग माझ्या तोंडून, वसतिगृहानंतर पहिल्यांदा, माझ्या आईच्या आवाजात बाहेर पडलं, ‘‘मला लई दमाया झालंय.’’

तुम्ही ते टाइप केलंत. सबंध वाचून दाखवलंत, आणि चष्मा पुसायला घेतलात. मी ‘व्हय’ म्हटलं आणि भर बाजारात रडले. अर्ज पाठवायची गरज मग उरली नाही. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी तुमच्या पाया पडायला हवं होतं, आणि मी काय केलं, घरी येताना म्हटलं, ‘‘कुणाला सांगू नका.’’ तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. वहीला सांगितलंत.

माझी ओळ मी परत लिहू शकते, ‘व्हय’ म्हणायला मी आहे. बाकीच्यांचं काय?

साळूबाईचं वाक्य मी आठवून लिहिलं : ‘त्याच वाटंनं मी नवरी हून आलते. आता म्हातारपणी मला दुसऱ्याच्या उसातनं चोरावानी जायला लावू नका.’ पडदा लाल-निळा झाला. यंत्र म्हणालं हे नको, ते घ्या, दोन वाक्यांचं एक करा. या वेळी मी त्याच्याशी मोठ्यानं भांडले. का नको? कुणाला कळणार नाही? नवरी कशाला बदलायची? शेजारची मुलगी डोकावून गेली, म्हातारी एकटी बोलते म्हणून. पण भांडून झाल्यावर जास्तच अस्वस्थ झाले. यंत्र चुकतंय म्हणजे मी बरोबर आहे, असं कुठं आहे? मला तरी ‘व्हय’ कुणी म्हटलंय?

म्हणून काल सकाळी सोनारीची एसटी धरली. कालभैरवाला निघालेल्या बायकांनी नारळाच्या पिशव्या सरकवून जागा दिली. वस्तीच्या फाट्यावर उतरले आणि तुमच्या अर्जानं मोकळ्या केलेल्या वाटेनंच चालत गेले. आता तिथून ट्रॅक्टर जातो. इतक्या वर्षांत मी ती वाट पहिल्यांदा पाहिली.

साळूबाई अंगणात बाजेवर उन्हाला बसली होती. डोळ्यांवर हात धरून बघत म्हणाली, ‘‘कोण? रायटरच्या बाई? या, बसा. कळलं मला. यायचं व्हतं, पर हे गुडगं न्हाय म्हणत्यात.’’

मी सांगितलं, त्यांच्यावर लिहितेय, त्यात तुमचं एक वाक्य आहे, वाचून दाखवायचंय.

‘‘माजं? मी काय म्हणलं व्हतं?’’

चहाचं आधण ठेवणारी नातसून आतून हसली. ‘‘आजे, तू काय थोडं बोलतीस व्हय, बाईंनी ध्यानात ठेवाया?’’

‘‘तू च्या कर गुमान. वाचा, बाई.’’

मी वाचलं. चष्मा काढला, पदरानं पुसायला लागले आणि नजर खाली ठेवली. फार अवघड असतं हो ते. तुम्ही रोज कसं करत होता?

‘‘नवरी हून आलते, व्हय,’’ ती म्हणाली. ‘‘चोरावानी, व्हय. पर बाई, ऊस कुठला आणला तुमी?’’

‘‘ऊस नव्हता?’’

‘‘तवा प्यायला पाणी न्हवतं, ऊस कोण लावतंय! करडी व्हती. करडी. वाळून काढायला आलेली, उभी.’’ तिनं लुगडं जरा वर ओढून पायाच्या नडग्या दाखवल्या. आता तिथं फक्त सुरकुत्या होत्या. ‘‘करडीचं काटं ठावं हैत का? काढणाऱ्या बाया पायाला फडकी गुंडाळत्यात. मी डोस्क्यावर पाटी घिऊन रोज त्यातनं जायची. रायटरनं आदी ह्या नडग्या बगितल्या. म्हणले, हे काय झालं? मी म्हणलं, करडी. तवा कुठं त्यांनी लिव्हाया घेतलं.’’

इतकी वर्षं मी त्या ओळीशी भांडले, तिच्या भाषेवरून, तिच्या वळणावरून. आणि तिच्यात काटे होते हे मला माहीत नव्हतं. यंत्रानं ‘शेतातून’ केलं. मी ‘उसातनं’ केलं. तुम्ही नडग्या बघितल्या होत्या.

मी साळूबाईला सांगून टाकलं. ‘‘त्यांच्या सगळ्या वह्या रद्दीत गेल्या. मीच दिल्या.’’

नातसुनेचा हात गाळणीवर थांबला. साळूबाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘‘रायटरला म्हाईत व्हतं?’’

‘‘मला माहीत नाही.’’

‘‘मंग सांगा की.’’

‘‘आता कसं सांगू?’’

‘‘कसं म्हंजे? त्यांच्यावर लिव्हताय न्हवं? त्यातच सांगा.’’ मग चहाची बशी माझ्याकडं सरकवून म्हणाली, ‘‘अन् आमी काय समदे मेलो न्हाय अजून. ज्याचं त्याला इचारा जाऊन. मास्तरीण हाईत तुमी, पायाला काय मेंदी लागली का?’’

मी तिथंच कागदावर पेन्सिलीनं लिहिलं आणि पुन्हा वाचलं : ‘त्याच वाटंनं मी नवरी हून आलते. आता म्हातारपणी मला दुसऱ्याच्या उभ्या करडीतनं चोरावानी जायला लावू नका.’ चष्मा काढला. पुसला. नातसून हसायची थांबली होती. कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या.

‘‘व्हय,’’ साळूबाई म्हणाली. ‘‘आता माजं हाय.’’

घरी येऊन ते लॅपटॉपात घातलं. ‘करडीतनं’खाली लाल रेघ आहे. असू दे. तिच्याकडं बघितलं की मला नडग्या दिसतात.

नावांची यादी केली आहे. यादीशिवाय मला जमत नाही, तुम्हाला माहीत आहे. ज्यांची ओळ थोडीफार आठवते अशी अकरा नावं निघाली. जैनबबी नाही, पण तिची ती सून आहे, मंगळवारी तिच्याकडं जाणार आहे. दोघं पुण्याला मुलांकडं गेलेत, त्यांना फोन करीन. एकोणीस वह्यांतून अकरा ओळी. हे भरून येणं नाही, मला कळतं. बाकीच्या शेकडो माणसांचं मी काय केलं ते केलंच. रेवा, निबंधाला उशीर होईल. तुझ्या बाईंना सांग, आजोबांचं पुस्तक आहे, पण ते गोळा करायला घरोघर जावं लागतंय.

अहो, हा लेख मी आता तुमच्या टेबलाशी बसून मोठ्यानं वाचला. पहिल्या ओळीपासून, वह्या माळ्यावर नाहीत इथपासून. रद्दीचं दोनदा वाचलं. माझी ओळही जशी होती तशी वाचली, मला लई दमाया झालंय. यंत्राच्या रेघा अजून तशाच आहेत, सगळीकडं.

वाचून झालं. समोरचं स्टूल भिंतीला लावून ठेवलं होतं, ते जागेवर आणलंय. चष्मा काढून पुसते आहे. तिकडं बघत नाही.